तेलताड आणि पाम तेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाम तेलाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच घोटाळा असतो. आपण सरसकट ‘पाम तेल’ म्हणतो, पण तेलताडाच्या एकाच फळातून दोन निरनिराळी तेले निघतात आणि त्या दोहोंपासून पुढे कितीतरी वस्तू तयार होतात. एकाचा गुण किंवा दोष दुसऱ्याच्या माथी मारला की उत्तर चुकते. म्हणून तिसरा आणि चौथा प्रश्न आधी वाचून मग पुढे जावे, अशी विनंती आहे.

१. पाम तेल आपल्याकडच्या ताडापासूनच काढतात का?

नाही. ज्याच्यापासून नीरा, ताडी आणि ताडगोळे मिळतात तो आपला ताड वेगळा. पाम तेल देणारे झाड म्हणजे तेलताड, आणि शेतकरी व कृषी खाते व्यवहारात त्याला ‘ऑइल पाम’ असेच म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव इलाइस गिनीन्सिस. त्यातला ‘गिनी’ हा शब्द त्याचे मूळ घर सांगतो, म्हणजे आफ्रिकेचा पश्चिम आणि मध्य भाग. ताड, माड, पोफळ, शिंदी, खजूर आणि तेलताड ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत आणि त्यांत तेलताडाचे जवळचे नाते नारळाशी आहे. हे नाते फळाच्या बीमध्ये स्पष्ट दिसते (प्रश्न ४).

२. बागेत तेलताड ओळखायचा कसा? लांबून तर तो माडासारखाच दिसतो.

खोडाकडे पाहावे. माडाच्या झावळ्या गळून पडल्या की खोडावर फक्त वळे उरतात. तेलताडाच्या झावळ्या कापल्यानंतर मात्र त्यांचे बुंधे वर्षानुवर्षे खोडाला चिकटून राहतात, त्यांच्या बेचक्यांत माती साचते आणि नेचे उगवतात. त्यामुळे खोड खडबडीत आणि हिरवट दिसते. झावळीच्या देठाला काटे असतात. फळे सुटी लोंबत नाहीत. झावळीच्या बगलेत, खोडाला घट्ट बिलगून, काटेरी घड बसतो. पूर्ण वाढलेल्या झाडाचा घड साधारण २० ते २५ किलोंचा असतो आणि त्यात हजाराहून अधिक फळे असतात.

३. फळात तेल नेमके कुठे असते?

सिंधुदुर्गातल्या एका बागेत घडाखाली गळून पडलेले पिकलेले फळ मी चाकूने उभे कापून पाहिले होते. आकार सुपारीपेक्षा थोडा मोठा, रंग शेंदरी, देठाच्या विरुद्ध टोकाला काळपट छटा. सालीखाली रायवळ आंब्यासारखा धागेदार, गडद नारिंगी गर होता आणि नखाने नुसते दाबताच बोटावर तेल आले. ते रुमालाला पुसले, तो डाग कित्येक धुण्यांनंतरही गेला नाही. गराच्या आत काळी, कठीण करवंटी आणि ती फोडल्यावर सुक्या खोबऱ्यासारखा पांढरा गाभा.

त्या नारिंगी गरातून निघते ते पाम तेल. पांढऱ्या गाभ्यातून निघते ते पाम कर्नेल तेल, म्हणजे तेलताडाच्या बियांचे तेल. अनेक फळझाडांची बी तेल देते, पण भरपूर तेल देणारा गर आणि भरपूर तेल देणारी बी एकाच फळात असणे हे फार थोड्या झाडांच्या वाट्याला आले आहे.

४. या दोन तेलांत फरक काय?

फरक मोठा आहे. गराच्या तेलात संपृक्त आणि असंपृक्त स्निग्धाम्ले जवळपास निम्मी-निम्मी असतात. सुमारे ४४ टक्के पामिटिक आम्ल आणि सुमारे ४० टक्के ओलेइक आम्ल हे त्यातले मुख्य घटक. बियांच्या तेलात संपृक्त भाग ८० टक्क्यांच्या वर जातो आणि त्यातही निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. म्हणजे बियांचे तेल घडणीने गराच्या तेलापेक्षा खोबरेल तेलाच्या अधिक जवळचे आहे. म्हणूनच गराचे तेल प्रामुख्याने स्वयंपाकघरात गेले, तर बियांचे तेल साबण, शांपू, चॉकलेटसारखी गोड आवरणे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्याकडे वळले.

५. मग पामोलीन म्हणजे काय? आणि थंडीत ते तळाशी का गोठते?

गराचे तेल शुद्ध करून हळूहळू थंड केले की त्यातला घट्ट भाग स्फटिक होऊन वेगळा पडतो. हा घट्ट भाग म्हणजे स्टिअरिन आणि वर राहणारा पातळ भाग म्हणजे ओलेइन. ‘पाम’ आणि ‘ओलेइन’ मिळून पामोलीन हा शब्द झाला. रेशन दुकानातून घरी आलेले तेल हेच. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारच्या ‘आनंदाचा शिधा’ या १०० रुपयांच्या संचात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर जे एक लिटर पाम तेल होते, ते अनेक घरांत त्या वर्षीच्या चकल्या-शेवेसाठी वापरले गेले.

पामोलीनमध्येही संपृक्त भाग बराच उरलेला असतो, त्यामुळे नाशिक-निफाडच्या थंडीत ते गढूळ होते किंवा तळाशी पांढरा थर धरते. ही भेसळ नव्हे आणि तेल खराब झाल्याची खूणही नव्हे. पिशवी कोमट पाण्यात ठेवली की ते पुन्हा नितळ होते.

६. हे तेल मुळात लाल असते, मग आपल्याला पिवळसर का मिळते?

गरात गाजरासारखीच कॅरोटीन द्रव्ये असतात आणि कच्च्या तेलात त्यांचे प्रमाण किलोला साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम इतके भरते. शुद्धीकरणात तेल मातीच्या साहाय्याने विरंजित करतात आणि मग निर्वातात २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्याचा वास काढतात. या दोन पायऱ्यांत रंग जातो आणि रंगाबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा हा सुंदर साठाही जातो.

पश्चिम आफ्रिकेत मात्र लाल तेल तसेच खातात. नायजेरियातले एगुसीचे कालवण त्याच्याशिवाय होत नाही, आणि तिथल्याच ‘बंगा’ या रश्शासाठी तर फळे उकडून, कुटून त्यांचा रसच काढतात. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर ही चव ब्राझीलच्या बाहिया प्रांतात पोहोचली. तिथे या तेलाला ‘देंदे’ म्हणतात आणि चवळीच्या वाटणाचे ‘अकाराजे’ वडे त्यातच तळतात. चवळीचा वडा आणि गरम तेल, एवढ्यावरून तरी त्या रस्त्यावरच्या गाडीशी आपली ओळख पटावी.

७. घड तोडल्यापासून २४ तासांत गिरणीत पोहोचला पाहिजे असे का सांगतात?

फळ खरचटले की गरातले एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि तेलाचे विघटन सुरू होते. सुटी स्निग्धाम्ले वाढतात, तेल आंबूस होते आणि भाव पडतो. म्हणून गिरणीत पहिले काम घड वाफेवर शिजवण्याचे. त्यामुळे हे विकर निकामी होते आणि फळेही घडापासून सुटतात. मग फळे झोडून वेगळी करणे, मळणे, मळसूत्री दाबयंत्रातून पिळणे आणि निघालेले तेल निवळवणे, असा क्रम असतो. उरलेल्या चोथ्यातून बिया वेगळ्या करून फोडतात आणि त्यांचे तेल स्वतंत्र काढतात. १०० किलो घडांमागे साधारण १८ ते २२ किलो गराचे तेल मिळते.

लागवडीचा विचार करणाऱ्याने हे उत्तर नीट लक्षात ठेवावे. भुईमूग पोत्यात भरून भाव येईपर्यंत थांबता येते, हा घड थांबत नाही.

८. आफ्रिकेतले झाड इंडोनेशिया आणि मलेशियात कसे पोहोचले?

१८४८ मध्ये जावा बेटावरच्या बोगोर येथील वनस्पतिउद्यानात चार रोपे लावली गेली. त्यांची संतती सुमात्रातल्या डेली भागात गेली आणि बराच काळ तंबाखूच्या मळ्यांत शोभेचे झाड म्हणून राहिली. सुमात्रात व्यापारी लागवड १९११ मध्ये आणि मलायात १९१७ मध्ये सुरू झाली. आज जगातल्या पाम तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक या दोन देशांतून येते.

मात्र त्याआधीचा इतिहास आफ्रिकेचाच आहे आणि तो गाळून चालणार नाही. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केल्यावर लिव्हरपूलचे व्यापारी नायजरच्या मुखप्रदेशातून पाम तेल आणू लागले. साबण, मेणबत्त्या, रेल्वेच्या आसांचे वंगण आणि पत्र्यावर कथिलाचा मुलामा देण्याचे कारखाने त्यावर चालले. हा व्यापार स्वतःच्या हाती ठेवू पाहणारा ओपोबोचा राजा जाजा याला इंग्रजांनी १८८७ मध्ये पकडून हद्दपार केले. बेल्जियन काँगोत १९११ पासून साबण कारखानदार लिव्हर यांना मोठी क्षेत्रे मिळाली आणि तिथे स्थानिकांना सक्तीने फळे तोडायला लावले गेले. तेलताडाच्या नावावर आज जंगलतोडीचा जो दोष येतो (प्रश्न १४), त्याच्या आधी माणसांवरच्या जुलमाचा हा हिशेब आहे.

९. एका किड्यामुळे मलेशियाचे उत्पादन वाढले, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या झाडाविषयी सांगण्यासारख्या गोष्टींत मला ही सर्वांत प्रिय आहे. तेलताडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळ्या काळात येतात, त्यामुळे झाडाला स्वतःचे परागीकरण सहसा साधत नाही. मलेशियात झाड आले, पण त्याचा आफ्रिकेतला सोबती आला नव्हता. परागीकरण वाऱ्यावर होते असे गृहीत धरून मळ्यांत मजुरांकडून हाताने पराग फवारून घेत असत, आणि तरीही घडात पोकळ फळे राहत.

कॅमेरूनमधल्या निरीक्षणांतून कळले की हे काम एक लहानसा सोंडकिडा करतो. नर फुलोऱ्याला बडीशेपेसारखा वास येतो. सोंडकिडे त्यावर जमतात, पराग खातात आणि तिथेच अंडी घालतात. मादी फुलोरा खायला काहीच देत नाही, पण तो उमलला की तसाच वास सोडतो आणि अंगभर पराग माखलेले किडे त्याच्याकडेही फेरी मारतात. पुरेशा चाचण्यांनंतर १९८१ मध्ये हा किडा मलेशियात सोडला गेला. तो झपाट्याने पसरला आणि हाताने परागीकरण करण्याची गरजच संपली. भारतातही १९८०च्या दशकात तो केरळच्या मळ्यांत आणला गेला. म्हणून तेलताडाच्या बागेत फुलोऱ्यावर सोंडकिडे दिसले की घाईने कीटकनाशक मारू नये.

१०. तेलाव्यतिरिक्त या झाडाचा काय उपयोग होतो?

आधी गिरणीच्या आवारातले पाहू. फळे काढून घेतल्यावर उरलेला रिकामा घड बागेत आच्छादन म्हणून परततो; त्यात पालाश भरपूर असते. गराचा चोथा आणि करवंट्या गिरणीच्याच बॉयलरमध्ये जळतात, म्हणजे घड शिजवणारी वाफ घडातूनच निर्माण होते. बियांचे तेल काढल्यावर उरलेली पेंड गुरांच्या खाद्यात मिसळतात. गिरणीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस करता येतो. तो केला नाही आणि पाणी तसेच ओढ्यात सोडले, तर ते पाण्यातला प्राणवायू शोषून घेऊन मासे मारते. हा धोका जराही कमी लेखू नये.

आफ्रिकेतल्या खेड्यांत उपयोगांची यादी याहून जुनी आहे. झावळ्यांनी घरे शाकारतात, पात्यांच्या शिरांचे झाडू करतात. आपल्याकडच्या ताडीसारखी तिथेही या झाडापासून ताडी काढतात आणि ती ऊर्ध्वपातित करून घानामध्ये ‘अक्पेतेशी’, तर नायजेरियात ‘ओगोगोरो’ हे कडक मद्य करतात. योरुबा लोकांच्या ‘इफा’ या कौलविद्येत पुरोहित १६ तेलताड-बिया हातात घेऊन कौल लावतो. ज्या झाडावर देवाचा कौल मागायचा, ते त्या समाजाला केवळ तेलापुरते कसे असेल?

११. साबणात पाम तेल असते का?

बहुतेक वडीसाबणांत असते. न्हाणीघरातल्या साबणाचे वेष्टण उलटून बारीक अक्षरे वाचावीत. ‘सोडियम पामेट’ म्हणजे गराच्या तेलाचा साबण आणि ‘सोडियम पाम कर्नेलेट’ म्हणजे बियांच्या तेलाचा. पहिल्यामुळे वडी टणक होते आणि लवकर झिजत नाही. दुसऱ्यामुळे फेस भरपूर येतो. साबण तयार होताना सुटणारे ग्लिसरीन औषधे, खोकल्याची पातळ औषधे आणि क्रीम यांत जाते. शांपूतल्या फेसाचे द्रव्यही बरेचदा बियांच्या तेलापासून किंवा खोबरेल तेलापासूनच बनवलेले असते.

१२. पाम तेलावर गाड्या चालतात का?

तेलावर रासायनिक प्रक्रिया करून जैवडिझेल बनवतात आणि ते खनिज डिझेलमध्ये मिसळतात. इंडोनेशियाने हे मिश्रण २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्क्यांवर नेण्याचे धोरण घेतले. तिथे अधिक तेल इंधनात गेले की आपल्याकडे येणारे तेल महागते. २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत इंडोनेशियाने निर्यातच काही आठवडे थांबवली, तेव्हा भारताला या परावलंबनाचा चटका बसला होता. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो आणि त्या आयातीत पाम तेलाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

१३. पाम तेल हृदयाला वाईट असते का? पिशवीवर तर ‘कोलेस्टेरॉलविरहित’ लिहिलेले असते.

ते लिहिणे खोटे नाही, पण त्यातून काही कळतही नाही. कारण कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतेच. प्रश्न संपृक्त स्निग्धाचा आहे. आहारात ते वाढले की रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढते, आणि पाम तेलात ते सूर्यफूल, करडई, शेंगदाणा किंवा मोहरीच्या तेलापेक्षा बरेच जास्त असते. तुपात आणि खोबरेल तेलात ते पाम तेलाहूनही जास्त असते, हेही तितकेच खरे. घरात रोजच्या फोडणीला काय वापरता यापेक्षा बिस्किटे, फरसाण, वेफर्स आणि बेकरीच्या पदार्थांतून नकळत किती पाम तेल पोटात जाते, याचा हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वनस्पती तूप करण्यासाठी पातळ तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करावे लागे आणि त्यात ट्रान्स फॅट तयार होई, जे संपृक्त स्निग्धापेक्षाही घातक आहे. पाम तेल स्वभावतःच अर्धवट घट्ट असल्याने ते वापरून ट्रान्स फॅट टाळता येते. भारतात जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. अतिउष्ण शुद्धीकरणात तयार होणाऱ्या ग्लिसिडिल एस्टर या कर्करोगकारक ठरू शकणाऱ्या द्रव्यांविषयी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये इशारा दिला होता. प्रक्रियेचे तापमान आणि कच्च्या फळाचा ताजेपणा सांभाळून त्यांचे प्रमाण कमी करता येते (प्रश्न ७). हृदयविकार असलेल्यांनी तेलाची निवड डॉक्टरांना विचारूनच करावी.

१४. जंगले वाचवायची तर पाम तेलावर बहिष्कार घालावा का?

सुमात्रा आणि बोर्निओत जे घडले ते भयंकर आहे. वर्षावने तोडली, दलदलीतल्या पीट जमिनी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचे जाड थर, चर खणून कोरड्या केल्या आणि पेटवल्या. १९९७ आणि २०१५ च्या आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पसरला. ओरांगउटानच्या तिन्ही जाती आज अतिसंकटग्रस्त आहेत.

तरीही बहिष्काराचे उत्तर सरळ नाही, कारण हे झाड विलक्षण उत्पादक आहे. तेलताड हेक्टरी सरासरी ३ ते ४ टन तेल देतो, तर सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१८ च्या अहवालात दाखवले की तेवढेच तेल दुसऱ्या पिकांतून मिळवायचे तर नऊपटींपर्यंत जास्त जमीन लागेल. म्हणजे पाम तेल सोडले तर तोड दुसऱ्या खंडातल्या दुसऱ्या जंगलात सरकण्याचा धोका आहे. माझ्या मते आग्रह धरायचा तो झाड कुठे लावले याचा. पडीक किंवा आधीच लागवडीखाली असलेल्या जमिनीत लावलेला तेलताड आणि जंगल तोडून लावलेला तेलताड यांचे तेल चवीला सारखेच असते, पण ते एकच नव्हे. २००८ पासून शाश्वत पाम तेलाचे प्रमाणीकरण सुरू आहे. त्यात त्रुटी असल्या तरी हा फरक करण्याचे ते एक साधन आहे. भारतातही ईशान्येकडील राज्ये आणि अंदमान यांच्याबाबत हाच प्रश्न आज उभा आहे.

१५. महाराष्ट्रात तेलताड लावावा का?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे खाद्यतेल–ऑइल पाम अभियान मंजूर केले, तेव्हापासून हा प्रश्न वारंवार येतो. भारतातली मुख्य लागवड आंध्र प्रदेश आणि तेलंगणात आहे आणि या पिकाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही आंध्रातल्या पेदवेगी येथे आहे. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि शेजारच्या गोव्यात काही लागवड झाली असून, कुडाळ तालुक्यातल्या मुळदे येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रात या पिकावर काम चालते.

अडचण पाण्याची आहे. कोकणात पाऊस ३,००० मिलिमीटर पडतो हे खरे, पण तो चार महिन्यांत पडून जातो आणि तेलताडाला बारा महिने ओल हवी असते. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज २०० लिटरहून अधिक पाणी लागते. ९ मीटर अंतरावर त्रिकोणी पद्धतीने हेक्टरी १४३ झाडे बसतात, तेव्हा हिशेब आपणच करावा. ताण बसला की झाड मादीऐवजी नर फुलोरे अधिक काढते, आणि त्याचा फटका लगेच नव्हे तर दीड-दोन वर्षांनी, घड कमी आले की कळतो. बारमाही सिंचन आणि दिवसभराच्या अंतरात तेलाची गिरणी, या दोन्ही गोष्टी हाताशी असतील तरच पुढे जावे. उत्पन्न चौथ्या वर्षापासून सुरू होते आणि २५ ते ३० वर्षे चालते. मधल्या काळात आंतरपिके घेता येतात.

१६. शेजाऱ्याच्या बागेतल्या उत्तम झाडाच्या बिया आणून रोपे केली तर चालतील का?

चालणार नाहीत. बागेतली झाडे ‘टेनेरा’ या संकरित प्रकारची असतात. जाड करवंटीचा ‘ड्यूरा’ आणि करवंटीच नसलेला, पण बहुधा वांझ निघणारा ‘पिसिफेरा’ यांच्या संकरातून पातळ करवंटीचा, भरपूर गराचा टेनेरा मिळतो. हे आनुवंशिक गणित १९४१ मध्ये काँगोतल्या संशोधकांनी उलगडले. टेनेराच्या बियांपासून पुढची पिढी केली तर निम्मीच झाडे टेनेरा निघतात; पाव ड्यूरा आणि पाव पिसिफेरा. कोणते कुठले हे फळ धरेपर्यंत डोळ्यांना कळत नाही, आणि तोवर चार वर्षांचे पाणी व खत खर्च झालेले असते. मान्यताप्राप्त बीजोद्यानातलेच रोप घ्यावे.

१७. वेष्टणावर ‘पाम’ हा शब्द नसेल तर त्या पदार्थात पाम तेल नाही असे समजावे का?

तेल म्हणून वापरले असेल, तर भारतात विकल्या जाणाऱ्या पदार्थांवर ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे सहसा तेलाचे नाव दिलेले असते. तिथे पाम, पामोलीन किंवा पाम कर्नेल शोधावे. मात्र तेलापासून बनलेली द्रव्ये तिथे सापडत नाहीत. पाव, आइस्क्रीम आणि केकमध्ये ‘इमल्सिफायर ४७१’ (तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे द्रव्य) असे लिहिलेले असते. ते पाम तेलापासून, दुसऱ्या वनस्पती तेलापासून किंवा प्राणिज चरबीपासूनही बनू शकते. भारतात हिरव्या ठिपक्यामुळे प्राणिज स्रोत वगळला जातो, पण पाम की सोयाबीन हे ठिपका सांगत नाही. परदेशातून आणलेल्या वस्तूंवर तो ठिपकाही नसतो. अशा वेळी उत्पादकाला पत्र पाठवून विचारणे हाच मार्ग उरतो.